पात्यावरचा डाग, पाण्यातली खोट

पाथर्डीत कोयता विकत घेताना कोणी भिंग काढत नाही. घेणारा तो उचलून हातात तोलतो, पातं डोळ्यांसमोर आडवं धरतो, एक डोळा मिटून धार सरळ आहे का पाहतो आणि नखाने टिचकी मारून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर बरं. बद्द वाजला तर कुठेतरी बारीक चीर असण्याची शंका. पात्यावर घणाचे खळगे आहेत, एका अंगाला भट्टीचा काळेपणा राहिलाय, मुठीचं लाकूड रंधा न मारताच ठोकलंय, हे सगळं त्याला दिसतं. पण तेवढ्यावरून तो सौदा मोडत नाही. फार तर दहा-वीस रुपये कमी करून मागतो.

त्याला जाणून घ्यायचं असतं ते एकच, पाणी कसं आहे? लोहाराच्या भाषेत पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं आणि कडक करायचं, याला पाणी देणं म्हणतात. पाणी कमी पडलं तर धार दुमडते. जास्त झालं तर उसाच्या बुडख्याशी दडलेल्या दगडावर आपटून पात्याचा तुकडाच उडतो. जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांच्या पोलादापासून घडवलेले कोयते या भागात नावाजले जातात, कारण गाडीचे धक्के खाल्लेलं ते पोलाद मुळात चिवट असतं. शिवाय कोयता फार कडक करून चालतही नाही. फडात उभ्याउभ्या कानस मारून धार काढता आली पाहिजे, म्हणून तो मुद्दाम थोडा मऊ ठेवतात.

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल मिळते ती कोयत्यामागे. जिथे माणसंच हत्याराच्या नावाने मोजली जातात, तिथे हत्याराची पारख हा हौसेचा विषय राहत नाही.

आता त्याच तालुक्यातलं दुसरं चित्र. कल्पनेतलं आहे, पण अजिबात अशक्य नाही. पाथर्डीत शिकलेला आणि पुण्यात आयटी कंपनीत लागलेला एक तरुण दिवाळीला गावी आलाय. अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने त्याच्यासाठी घडीचा चाकू आणलाय. विमानात तो अर्थातच चेक-इन बॅगेत ठेवावा लागला, कारण केबिनमध्ये पातं नेता येत नाही. किंमत चारशे-पाचशे डॉलर, म्हणजे आपल्याकडे चाळीस हजारांच्या घरात. दोन दिवस तो नुसताच उघडझाप करत बसलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर उन्हात धरला, आणि मुठीच्या राखाडी टायटॅनियमवर, खिळ्यापासून बोटभर अंतरावर, तांदळाच्या कणीएवढी एक चकाकती रेघ दिसली.

आईला दाखवली. “कुठंय रे? मला तर काय दिसंना,” ती म्हणाली. वडिलांनी किंमत ऐकली आणि रेघेचा विषयच संपवला. “एवढ्याशा चाकूला चाळीस हजार? तेवढ्यात शेळ्या आल्या असत्या.”

शेळ्यांचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. ती रेघ कुठून आली, तिचं काय करायचं आणि मुळात ती इतकी का खुपते, हे तिन्ही प्रश्न दिसतात तेवढे फालतू नाहीत. महागडे घडीचे चाकू जमवणारे लोक जगभर आहेत, भारतातही त्यांची संख्या वाढतेय, आणि नवा चाकू हातात आल्यावर त्यातले बरेचजण आधी भिंग शोधतात.

घडीचा चाकू हे काही आपल्याकडे परक्या देशातून आलेलं खूळ नाही. गावच्या न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा हा घडीचाच. पातं शिंगाच्या किंवा लाकडाच्या मुठीत मिटायचं आणि काम सुरू करण्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार वेळा फिरायचं. ‘चाकू’ हा शब्द फारसीतून आला आणि बोरूची टोकं तासता तासता मराठी लिहिणाऱ्यांच्या हाती रुळला. घराघरातल्या पानाच्या डब्यात अडकित्ता असायचा. तो चाकू नव्हे, पण एका खिळ्यावर फिरणारं पातं हे तत्त्व तेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे कितीतरी नमुने मांडलेले आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे संग्रहालय उभं केलं. मोराच्या, पोपटाच्या, स्त्री-पुरुषाच्या आकाराचे ते अडकित्ते जवळून पाहिले तर दोन्ही बाजूंची नक्षी तंतोतंत जुळत नाही, हे लक्षात येतं. एका अंगाचा डोळा किंचित वर, दुसऱ्याचा किंचित खाली. त्या काळच्या गिऱ्हाइकाने यावरून कारागिराला परत पाठवलं असेल असं वाटत नाही. सुपारी फुटली पाहिजे आणि खिळा ढिला होता कामा नये, एवढं पाहिलं असेल.

‘घडीचा चाकू’ म्हटल्यावर बहुतेकांना मात्र आठवतो तो रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी घडवलेला, खटका दाबला की उघडणारा हा चाकू साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी सिनेमाने घरोघर पोहोचवला आणि बदनामही केला. त्याच रामपुरात २०२३ साली सहा मीटरहून लांब असा भला मोठा चाकू चौकात बसवण्यात आला, कारण धंदा आटत चाललाय पण अभिमान शिल्लक आहे. सिनेमातल्या गुंडाच्या हातामुळे घडीच्या चाकूबद्दल मराठी घरात एक अढी बसली, ती अजून पूर्ण गेलेली नाही. कायदा मात्र सिनेमापेक्षा समंजस आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांमध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तळहाताएवढं पातं असलेला महागडा चाकू या मापात कुठेच बसत नाही. उलट साधा शेतीचा कोयताच मधल्या काळात जास्त संशयाचा झाला. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा २०२३ मध्ये कोयता घेणाऱ्याच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं.

असो. चाळीस हजारांच्या चाकूकडे वळू.

या वर्गातलं एक ठळक नाव म्हणजे ‘सेबेन्झा’. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या क्रिस रीव्ह यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावी बस्तान हलवलं आणि १९९० च्या सुमारास हा चाकू बाजारात आणला. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. नाव मजुराचं आणि किंमत सरदाराची, असं म्हणायला हरकत नाही. त्याची दोन वैशिष्ट्यं सांगितली की महागड्या चाकूंचं सगळं गणित कळतं. पहिलं म्हणजे त्याचं कुलूप. मुठीची एक बाजू टायटॅनियमच्या अखंड पाटीची. त्याच पाटीत चीर पाडून एक पट्टी स्प्रिंगसारखी मोकळी केलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकते. वेगळी स्प्रिंग नाही, वेगळा खटका नाही, मूठ हेच कुलूप. नंतर जगातल्या असंख्य कंपन्यांनी ही रचना उचलली. दुसरं वैशिष्ट्य पोलादाचं. क्रूसिबल या अमेरिकी कंपनीने रीव्ह यांच्या सल्ल्याने २००१ मध्ये एस-३०-व्ही आणि २००९ मध्ये एस-३५-व्हीएन ही खास चाकूसाठीची पोलादं तयार केली. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने भुगा करायचा आणि तो भुगा प्रचंड दाबाखाली पुन्हा एकसंध करायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे पोलादातले कठीण कण सगळीकडे सारखे आणि बारीक राहतात, आणि धार जास्त टिकते.

अशा चाकूच्या पेटीत बहुधा छोट्या षटकोनी किल्ल्याही येतात. मालकाने तो खोलावा, पुसावा, वंगण घालून पुन्हा जोडावा, अशी अपेक्षा असते. सगळे भाग इतके मापात कापलेले असतात की जोडल्यावर ते आपोआप जागेवर बसतात. पैसे मोजले जातात ते या मापाचे. साध्या चाकूत केसाएवढी फट चालून जाते. इथे ती फट म्हणजे बातमी होते.

मग इतक्या काटेकोर कारखान्यातून निघालेल्या वस्तूवर डाग येतो कुठून?

बहुतेकदा अगदी शेवटच्या टप्प्यातून. पातं आणि मूठ कापणारं यंत्र संगणकावर चालतं, त्यात चूक क्वचितच होते. पण कापलेल्या टायटॅनियमला तो राखाडी, मखमली रंग येतो काचेच्या सूक्ष्म मण्यांच्या माऱ्याने. हवेच्या जोराने मणी फवारतात आणि पृष्ठभाग एकसारखा खरबरीत होतो. हा मारा माणसाच्या हाताने होतो तेव्हा एखादा कोपरा जरा जास्त उजळ राहतो, एखादा जरा गडद. त्यानंतर भाग जोडले जातात, तपासले जातात, पुसले जातात, पेटीत जातात. टायटॅनियम हलकं आणि गंज न धरणारं असलं तरी त्याचा पृष्ठभाग चाकूच्या पात्याइतका कठीण नसतो. रॉकवेल मापावर चांगलं पातं ६० च्या आसपास जातं. मुठीत वापरतात ते टायटॅनियम, ज्यात सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं असतं, ३६ च्या आसपास थांबतं. म्हणजे जोडताना एखादा स्क्रू निसटून मुठीवर घासला, तरी रेघ उमटते. गच्चीवर उन्हात सापडलेली ती तांदळाची कणी बहुधा अशीच.

रंगीत टायटॅनियमचा प्रकार आणखी मजेशीर आहे. निळी, जांभळी, सोनेरी मूठ पाहून ती रंगवली आहे असं वाटतं, पण तिथे रंग नसतोच. टायटॅनियम द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा वाढतो. विजेचा दाब जितका जास्त, तितका पापुद्रा जाड, आणि जाडीप्रमाणे परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसणारं इंद्रधनुष्य याच कारणाने दिसतं. बुडवण्याआधी तिथे बोटाचं तेल राहिलं असेल, तर तेवढीच जागा वेगळ्या छटेची होते. धातू निर्दोष, मूठ मजबूत, पण निळ्यावर जांभळा अंगठा. आणि हा अंगठा कोणाचा, हे कळायला काहीच मार्ग नसतो.

पात्याची गोष्ट वेगळी. पोलाद हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड करतात, तेव्हा ते थोडं तरी वाकतं. ते सरळ करावं लागतं. नंतर दोन्ही अंगांनी घासून पातळ करतात. जाड भाग संपून उतार सुरू होतो ती रेषा दोन्ही बाजूंना एकाच जागी आली पाहिजे. कधी ती एका अंगाला अर्ध्या मिलिमीटरने पुढे सरकते. शेवटी धार लावली जाते, आणि ती अनेक चांगल्या कारखान्यांत आजही माणूस हाताने पट्ट्यावर धरून लावतो. एका बाजूची उतरण जरा रुंद, दुसरीची जरा अरुंद, हे म्हणूनच वारंवार दिसतं. कापण्यात त्याने फरक पडत नाही. डोळ्यात मात्र भरतं.

लाकडी मुठीचं काय, असं कोणी विचारेल. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला बीच लाकडाच्या मुठीचा साधा, स्वस्त चाकू आजही जगभर विकला जातो. त्याचं लाकूड दमट हवेत फुगतं आणि पातं उघडायला घट्ट होतं. हा दोष म्हणावा की लाकडाचा स्वभाव? कोकणात पावसाळ्यात दार फुगलं म्हणून सुताराला कोणी दोष देत नाही, तसंच हे.

इथवर आल्यावर डाग आणि खोट यांतला फरक करावा लागतो. मराठीत हे दोन शब्द किती नेमके आहेत ते नाण्यावरून कळतं. मळलेलं नाणं चालतं, खोटं चालत नाही. चाकूत खोट शोधायची तर भिंग लागत नाही, हात लागतात. पातं उघडून टोकाजवळ चिमटीत धरावं आणि हलकेच डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवावं. खिळ्याशी टकटक जाणवली तर पातं डुलतंय. उघड्या पात्याच्या पाठीवर जाड कापड धरून हळू दाबावं. कुलूप सरकत असेल तर तो चाकू त्या क्षणापासून वापरू नये, कारण कुलूप सुटलं की पातं थेट बोटांवर मिटतं. मिटलेला चाकू वरून पाहावा, पातं दोन्ही पाट्यांच्या मधोमध आहे का ते कळतं. इथे थोडी सूट द्यावी लागते. मिटलेलं पातं जागेवर राहावं म्हणून कुलपाच्या पट्टीवरची एक बारीक गोळी त्याला एका बाजूने दाबत असते, आणि त्या दाबाने पातं किंचित कलतं. पाटीला घासत नसेल तर तो नुसता डोळ्यांचा प्रश्न. घासत असेल तर खोट. धारेचं परीक्षण सगळ्यात सोपं. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापावा, जिथे पातं अडकेल तिथे पाहावं.

आणि डाग? आधी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. हा सल्ला बावळट वाटतो, पण खरबरीत टायटॅनियमवर हाताचं तेल बसलं की काळसर ठिपका दिसतो, आणि तो कित्येकदा ओरखडा समजला जातो. चकाकती रेघ म्हणजे कधी कधी दुसऱ्या मऊ धातूचा घासून लागलेला लेप असतो. शाळेतल्या खोडरबरानेही तो निघू शकतो. एवढं करूनही राहिला, तर तो खरा डाग.

असा डाग हा झिलईचा प्रश्न, आणि झिलई देणं हे आपल्याकडे स्वतंत्र कसब होतं, हे सहसा विसरलं जातं. लोहार हत्यार घडवायचा आणि शिकलगार त्याला धार व झिलई द्यायचा. शिकलगार हे आडनाव महाराष्ट्रात आजही जागोजाग भेटतं, आणि त्या आडनावात तलवारी उजळणाऱ्या पिढ्या आहेत. उजळलेल्या परदेशी पात्याचं आकर्षणही नवं नाही. मराठ्यांच्या काळात युरोपातून आलेली पाती इथल्या मुठींत बसवली जात, आणि त्या तलवारीचं नावच फिरंग पडलं. मूठ इथली, पातं साता समुद्रापारचं. मावसभावाने बॅगेतून आणलेला चाकू या जुन्याच रांगेत शेवटी उभा आहे.

पण मग घडणीत काही खोट नसताना ती रेघ इतकी का सलते? सरळ उत्तर असं की विकत घेताना कामाचे पैसे थोडे आणि निर्दोषपणाचे पैसे फार मोजलेले असतात. पेरू चारशे रुपयांच्या चाकूनेही कापला जातो. उरलेले साधारण साडेएकोणचाळीस हजार ज्या गोष्टीसाठी दिले, तिलाच ओरखडा पडला. ऊसतोड मजुराने कोयत्याचे पैसे ऊस तोडण्यासाठी दिले, म्हणून घणाचा खळगा त्याच्या सौद्यात येतच नाही. दोघांचाही हिशेब चोख आहे, फक्त वह्या वेगळ्या.

या बाबतीत एक गमतीदार संशोधन २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’ मध्ये आलं होतं. डॅनिट आइन-गार, बाबा शिव आणि झकरी टॉर्माला या तिघांनी गिर्यारोहणाचे बूट, चॉकलेट अशा वस्तूंवर प्रयोग केले. वस्तूचे गुण सांगून झाल्यावर शेवटी एखादा किरकोळ दोष सांगितला, तर काही परिस्थितीत लोकांना ती वस्तू उलट जास्त आवडते, असं त्यांना दिसलं. बाळाच्या गालाला तीट लावणाऱ्या आजीला हे वाचून नवल वाटणार नाही. मात्र यात एक मेख आहे. हा परिणाम दिसला तो फारसा विचार न करता निर्णय घेणाऱ्यांत. बारकाईने चिकित्सा करणाऱ्यांत तो दिसला नाही. महागडा चाकू घेणारा माणूस तर महिनोन्महिने पोलादाची नावं पाठ करूनच आलेला असतो. त्याला तीट दिसत नाही, डागच दिसतो.

तक्रार करायचं ठरवलं तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यातली कुठलीही उणीव म्हणजे दोष, पण कशाच्या तुलनेत? कायद्याने ठरवलेल्या, कराराने मान्य केलेल्या किंवा विकणाऱ्याने स्वतः दावा केलेल्या दर्जाच्या तुलनेत. म्हणजे जाहिरातीत काय लिहिलं होतं याला महत्त्व आहे. ‘हाताने घासलेला, प्रत्येक नग वेगळा’ असं लिहून विकलेल्या चाकूवरची छटा दाखवून भांडणं कठीण. ‘पूर्णपणे निर्दोष’ असं लिहिलं असेल तर तीच छटा पुरावा ठरू शकते. भारतातल्या दुकानातून घेतलेल्या वस्तूसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. नव्या कायद्यात राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे पाथर्डीच्या माणसाला अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्कही लागत नाही. पेटी उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवणं हे सगळ्यात मोठं शहाणपण, कारण डाग आधीचा की नंतरचा हाच वाद शेवटी उरतो. वापरायला सुरुवात केली, पातं एकदा घासलं, की तो वाद बहुधा हरल्यात जमा.

दुसऱ्याने परदेशातून आणलेल्या चाकूला यातलं फारसं काही लागू पडत नाही. तिथे उरतं ते कारखान्याला नम्र पत्र लिहिणं. चांगले कारखाने पत्राला उत्तर देतात, मूठ पुन्हा मण्यांनी मारून नव्यासारखी करून देतात, काही जण त्यासाठी पैसे घेतात, काही घेत नाहीत. पण पाथर्डीहून बॉइसीला चाकू कुरिअरने पाठवायचा, तर धारदार वस्तू म्हणून आधी कुरिअरवाला नाही म्हणणार. हो म्हणाला तर फॉर्म, परत येताना सीमाशुल्काचे प्रश्न, आणि वाटेत हरवण्याची धास्ती. तांदळाच्या कणीएवढ्या रेघेसाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची. शिवाय परत आलेल्या चाकूवर महिन्याभरात खिशातल्या किल्ल्यांनी नव्या रेघा पडणार, कारण खरबरीत टायटॅनियमवर रेघा पडतातच.

गच्चीवरचा तरुण हे सगळं मोबाइलवर वाचून खाली आला. अंगणात वडील खताच्या गोणीशी बसले होते, शिवण सुटत नव्हती. त्यांनी हात पुढे केला. त्याने क्षणभर विचार केला आणि चाकू दिला. वडिलांनी पातं उघडलं, एक डोळा मिटून धार पाहिली, नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. तरुणपणी सहा हंगाम त्यांनी फडात काढले होते.

“पाणी चांगलं दिलंय,” ते म्हणाले आणि गोणीची शिवण उसवायला लागले.